लासलगावच्या बसमध्ये सहा कांदे

सकाळी सव्वासहाची बस, मांडीवर पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात चहाचे सहा ग्लास आणि प्रत्येक ग्लासाच्या तोंडावर एकेक कांदा बसवलेला, खाली पाण्यात पांढरी मुळं लोंबतायत. बस कुठली, तर नाशिकहून निफाडमार्गे लासलगावला जाणारी. तिकडे कांदे घेऊन जाणारा मी बहुधा पहिलाच. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता खोक्यात डोकावून विचारलंच, "सर, तिकडं मिळत नाही का?"

आता त्याला काय सांगणार. मी झूलॉजीचा प्राध्यापक, तोही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. शिकवला तेवढा तास तुमचा, बाकी दिवाळी, मे महिना आणि पावसामुळे अचानक जाहीर झालेली सुट्टी हे सगळं स्वखर्चाने. बारावीला पीसीबी घेतलं, एमबीबीएस थोडक्यात हुकलं (थोडक्यात म्हणजे बऱ्याच मार्कांनी, पण आई अजून थोडक्यातच सांगते), मग बीएस्सी, एमएस्सी, सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, दुसऱ्या खेपेला. पर्मनंटसाठी आजवर अकरा इंटरव्ह्यू दिले, त्यातल्या एकात तर मला एकच प्रश्न आला, "बस वेळेवर मिळाली ना?" मी हो म्हणलं. तो प्रश्न बरोबर आला असावा.

तर कांदे. झूलॉजीत कांदा कुठून आला हे आमच्या बॉटनीवाल्या मॅडमपण दरवर्षी विचारतात, विशेषतः मी त्यांच्याकडे ॲसिटोकार्मिन, म्हणजे पेशी रंगवायचा लाल रंग, मागायला गेलो की. आम्ही बीएस्सीला असताना झुरळं कापायचो, हातांना दोन दिवस वास यायचा, घरचे ताट लांबून सरकवायचे. २०१४ ला यूजीसीने डिसेक्शन बंद करायला सांगितलं, झुरळं सुटली आणि त्यांच्या जागी आमच्या वाट्याला आला पेशीविभाजनाचा कांदा. मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, ते टोक कापायचं, रंगवायचं, काचपट्टीवर अंगठ्याने दाबायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. ऐकायला सोपं आहे.

पण मुळं सकाळी कापलेली बरी, तेव्हा विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात. ती कापून लगेच अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात टाकायची आणि अल्कोहोल असतं कॉलेजच्या कपाटात कुलपात, त्यामुळे कांद्यांनाच कॉलेजला जावं लागतं. लॅबमध्येच का नाही लावत? लावले होते ना गेल्या वर्षी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मिसळ होती, भाव चढलेले होते, आणि लॅबच्या मामांनी खिडकीतले आठही कांदे बारीक चिरले. "सर, टाकून दिलेले वाटले." तेव्हापासून कांदे आमच्या घरी ओट्यावर असतात. आई रोज पाणी बदलते आणि बदलताना म्हणते, "पगार चार महिन्यांनी, पण कांद्याला पाणी रोज ताजं."

शेजारी पांढरी टोपीवाले काका बसले होते. रस्त्यातल्या खड्ड्यात बस आपटली, अर्ध्या ग्लासातलं पाणी त्यांच्या धोतरावर. मी सॉरी म्हणेपर्यंत त्यांनी एक कांदा उचलून दोन बोटांत दाबूनही बघितला. "उन्हाळ आहे. पण मुळी फुटली याला, व्यापारी हात लावणार नाही. फेकून द्या." मी सांगितलं की मुळंच हवीत, कांदा नकोय. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी फक्त इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर बघितली आहे.

कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा सुरू झाली. एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, खुर्चीत, चहा त्यांच्यासमोर, आणि मी टेबलामागून टेबलामागे. चार जणांनी कव्हरस्लिप, म्हणजे वरच्या पातळ काचा, फोडल्या, एकाने कांद्याचं साल रंगवलं, एकाला हवेच्या बुडबुड्यातच मेटाफेज, म्हणजे पेशीविभाजनाचा मधला टप्पा, दिसला आणि त्याने त्याची आकृतीपण काढली, नावं देऊन. मग शेवटच्या टेबलावरची मुलगी, अख्ख्या वर्षात वर्गात एक शब्द न बोललेली, डोळा न काढता हात हलवून मला बोलवायला लागली. मी वाकून बघितलं. पेशीच्या मधोमध लालभडक गुणसूत्रं अशी सुटी सुटी पसरलेली की पुस्तकातपण एवढी नीट छापत नाहीत. "सर, मी मोजले. सोळा!" ती एवढ्या जोरात ओरडली की एक्स्टर्नलचा चहा हिंदकळला. मी परीक्षेत बोलायचं नसतं वगैरे म्हणलं आणि परत एकदा बघितलं. मग अजून एकदा. एक्स्टर्नल पण उठून आले. मागे पोरांची रांग लागली, परीक्षा बाजूलाच राहिली.

बिलाच्या फॉर्मवर त्या दिवशीचे तास भरले. पाणी बदलण्याचा रकाना नसतो.

परतीच्या बसला तेच काका, मार्केटमधून रिकाम्या हाताने. ओळख दिली. "झालं का तुमचं कांद्याचं?" मी एवढा खुशीत होतो की सांगून टाकलं, कांद्याच्या मुळाच्या पेशीत सोळा गुणसूत्रं असतात, माणसात शेहेचाळीस.

"लाल कांद्यात पण सोळाच?"

"हो."

"अन् उन्हाळमध्ये?"

"त्यातपण सोळाच, काका."

ते निफाड येईपर्यंत विचार करत होते. मग म्हणाले, "मग भावात एवढा फरक का?"

हे सेटच्या सिलॅबसला नव्हतं.