अ म्हणजे काय, काका?

वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाले आणि सोसायटीचे खजिनदार झाले. इथवर ठीक होतं. पण हिशेबासाठी पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायचं त्यांच्या मनात आलं आणि "तू त्यातलाच ना रे?" म्हणत ते दर रविवारी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे हजर. अट एकच: "तुमचे ते जड शब्द नकोत. साधं सांग."

पहिल्याच प्रोग्राममध्ये क्षेत्रफळाचं नाव 'अ', दराचं 'ब' आणि थकबाकीचं 'अ१'. (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, हे मीच हौसेनं सांगून बसलो होतो.)

"काका, नाव वाचून आत काय आहे ते कळायला हवं. डब्यांवर चिठ्ठ्या लावतो ना, तसं."

"आमच्या मिसळणाच्या डब्यात कुठे चिठ्ठ्या आहेत? चाळीस वर्षांत हिची फोडणी चुकली नाही."

"पण हळद पिवळी दिसते, काका."

"मग 'अ' पिवळा करतो. इथे रंग बदलता येतात, मी बघितलंय."

पुढच्या रविवारी समास. ओळीआधी किती जागा सोडली यावर पायथनमध्ये अर्थ ठरतो. चार सोडायचा संकेत आहे. काका कुठे दोन, कुठे पाच सोडत. मी शाळेतल्या कवायतीपासून पंगतीपर्यंत सगळे दाखले दिले. ढिम्म. शेवटी कंटाळून म्हणालो, "लेखी नियम आहे तसा."

काका ताठ बसले. "सर्क्युलर आहे? नंबर?"

"पेप ८."

"तारीख?"

"५ जुलै २००१."

त्यांनी डायरीत टिपून घेतलं. त्यानंतर एकही ओळ हललेली नाही.

जुनं पुसू नका, काय बदललं ते नोंदवून ठेवा, हे सांगायला मी वीस मिनिटं घेतली. काका म्हणाले, "म्हणजे खाडाखोड नाही. चुकीवर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, वर सही. हे मला शिकवतोस?"

नावांचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. रंगकामाची वर्गणी निघाली, चौरस फुटाला ३० रुपये. आमच्या ६५० फुटांचे १९,५०० आणि शेजारच्या जवळपास तेवढ्याच घराचे १,८००! त्यांच्या करारात क्षेत्रफळ होतं ६० चौरस मीटर. 'अ'ला फूट काय आणि मीटर काय, दोन्ही सारखेच.

"काका, १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे निघालेलं यान असंच गेलं. एका प्रोग्रामचे जोराचे आकडे पाउंडात, दुसरा समजत होता न्यूटन."

काका गंभीर झाले. "त्यांचा खजिनदार कोण होता?"

पण रात्री बसून त्यांनी 'अ' काढला आणि 'क्षेत्रफळ_चौरस_फूट' लिहिलं. सकाळी सुधारलेलं बिल घेऊन आम्ही दोघं शेजारी गेलो. ते दारातच पावती घेऊन उभे होते. १,८०० फक्त, खाली काकांची सही.

"खाडाखोड चालत नाही ना, काका?" ते म्हणाले.