प्रेमकथा, ड्रॅगन आणि एक फिरता मजकूर

मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास नाशिकमधल्या वाचनप्रेमी मंडळींच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला आणि अजून तो थांबलेला नाही. मला तो निदान अकरा जणांकडून आला; त्यांतल्या तिघांनी सोबत हात जोडल्याचे चित्रही पाठवले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: हल्ली तरुण मुले, विशेषतः मुली, ज्या इंग्रजी प्रेमकथा आणि फँटसी कादंबऱ्या वाचतात, ते वाचनच नव्हे. त्यांचा शेवट आधीच ठाऊक असतो आणि एक वाचली की सगळ्या वाचल्यासारख्या होतात. फँटसी हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत ते कधी नव्हते. ही पुस्तके म्हणजे वास्तवापासून पळवाट आहे, त्यांच्यामुळे मुली मारकुट्या पुरुषांवर भाळायला शिकतात आणि मराठी वाचनही त्यांच्यामुळेच बुडाले. शेवटी एक आव्हान आहे, की वाचून महिना झाल्यावर यांतले एक तरी चित्र आठवून दाखवा. गेल्या चार-पाच वर्षांत मी अशी पन्नासेक पुस्तके वाचली आहेत, काही आवडीने, काही भाचीच्या आग्रहाने आणि दोन-तीन निव्वळ चिडून. त्यामुळे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजते.

शेवटाचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर आटोपण्याजोगा आहे. प्रेमकथेचा शेवट ठाऊक असतो हे खरेच आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्याच अशी केली आहे, की कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. पण शेवट ठाऊक असणे हा दोष मानायचा, तर पंचवटीत रामकथा ऐकायला बसणाऱ्यांना रावण मरतो की वाचतो याची धाकधूक असते असे म्हणावे लागेल. कथा कुठे पोचणार हे श्रोत्याला माहीत असतेच. बुवांची परीक्षा तिथवर कसे नेतात यात होते.

‘एक वाचली की सगळ्या वाचल्या’ हे वाक्य लिहिणाऱ्याने बहुधा एकच वाचली असावी. लावणीत शृंगार असतोच, म्हणून रामजोशी आणि होनाजी बाळा एक ठरत नाहीत. एमिली हेन्री यांची ‘बुक लव्हर्स’ ही 2022 सालची कादंबरी घ्या. अमेरिकी प्रेमकथांत एक ठरलेला साचा असतो: शहरातला कामात बुडालेला नायक काही निमित्ताने लहानशा गावी जातो, तिथल्या साध्यासुध्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि शहरातल्या आपल्या कामसू, कडक प्रेयसीला सोडून देतो. हेन्री यांची नायिका ही ती सोडून दिलेली प्रेयसी आहे. नोरा न्यूयॉर्कमध्ये लेखकांची प्रतिनिधी म्हणून काम करते, हा साचा तिला पाठ आहे, आणि गरोदर बहिणीच्या हट्टापायी तीच एका लहान गावी जाऊन पोचते. साचा उलटा धरून त्यातून पाणी काढायचे हे कसब आहे. माझ्या मते त्या पुस्तकातले खरे प्रेम दोन बहिणींमधले आहे. आई गेल्यावर धाकटीला जपता जपता थोरली इतकी कडक का झाली, हे कळते तेव्हा नायकाकडे आपले लक्षही नसते. अर्थात या कादंबरीची नक्कल करणाऱ्या पाच-सहा कादंबऱ्याही मी वाचल्या आहेत आणि त्या मात्र मजकूर म्हणतो तशाच निघाल्या. गाजलेल्या मालाची नक्कल होते, हे पैठणीच्या बाजारात येवल्यापर्यंत जाऊन आलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता फँटसीच्या मातीचा प्रश्न. इथे मात्र मजकूर लिहिणाऱ्याने आपल्याच नदीकडे पाठ फिरवली आहे. गोदावरीच्या काठी, इथून खाली पैठणला, सातवाहनांच्या दरबाराशी जिचे नाव परंपरेने जोडले आहे ती गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ म्हणजे विद्याधर, यक्ष, शाप आणि उडत्या नगरांचा खजिनाच होता. मूळ ग्रंथ हाती राहिला नाही, पण त्यावरून अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्यातच गुणाढ्याची स्वतःची गोष्ट येते. सात लाख श्लोकांची ती कथा पैशाची भाषेत होती. भाषा हलकी म्हणून राजाने ती नाकारली, तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. ऐकणारी जनावरे चरायची थांबली, त्यांचे मांस वाळले, राजाच्या मुदपाकखान्यात तक्रार गेली, आणि राजाला कारण कळेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. हा मजकूर मला पहिल्यांदा आला तेव्हा मला त्या राजाची आठवण झाली. अमुक भाषेत आहे, तमुक प्रकारात आहे, म्हणून न वाचताच परत पाठवायचे, ही रीत आपल्याकडे चांगलीच जुनी आहे.

जुन्या ग्रंथांचे सोडा, मराठी कादंबरीचा पाळणाच अद्भुताच्या दोरीने हलला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची. मागोमाग रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली आणि पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना रात्री जागवले. जी. ए. कुलकर्णींच्या 1975 सालच्या ‘रमलखुणा’मधली ‘इस्किलार’ कोणत्या देशात, कोणत्या शतकात घडते? कुठल्याच नाही, आणि तरीही जी. एं.ना कुणी पळपुटे म्हणत नाही. नारायण धारपांच्या भयकथा तर मजकूर पुढे पाठवणाऱ्या वयाच्या प्रत्येकाने शाळेत असताना पांघरुणात टॉर्च लावून वाचलेल्या आहेत. शिवाय 2021 च्या डिसेंबरात याच नाशिकमध्ये भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. विज्ञानकथा आणि फँटसी एक नव्हेत हे मान्य, पण ‘जे नाही ते असते तर’ या प्रश्नापासून दोन्ही सुरू होतात, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या लेखकाला आपण मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या मांडवात मानाने निवडले होते.

पळवाटेचा आरोप सर्वांत जास्त होतो तो रिबेका यॅरोस यांच्या ड्रॅगनच्या मालिकेवर. तिचा पहिला भाग ‘फोर्थ विंग’ 2023 साली आला, आणि तिसऱ्या भागाच्या, म्हणजे जानेवारी 2025 मधल्या ‘ऑनिक्स स्टॉर्म’च्या, पहिल्याच आठवड्यात 27 लाखांच्या घरात प्रती खपल्या. खपते ते चांगले असे मी मुळीच म्हणत नाही. त्या तिसऱ्या भागात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फिरता फिरता मी वैतागले, आणि जुन्या काळाच्या राज्यातली पात्रे आजच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बोलावे तशी बोलतात, तेव्हा खडे लागल्यासारखे होते. पण नायिका व्हायोलेट हिचे सांधे अतिशय ढिले आहेत. जरा हिसका बसला की खांदा निखळतो. असा संयोजी ऊतींचा विकार स्वतः लेखिकेलाही आहे. ही मुलगी जादूने बरी होत नाही. ती सांध्यांना पट्ट्या गुंडाळते, कुठली हालचाल आपल्याला जमणार नाही याचा आधी हिशोब करते, आणि तिला पाठीवर टिकता यावे म्हणून शेवटी ड्रॅगनवर खोगीर चढते. आमच्या वाचनगटातल्या एका बाईंना संधिवात आहे; त्यांनी पट्ट्यांचा तो परिच्छेद आम्हाला दोनदा वाचून दाखवला. त्यांना तो वास्तवापासून पळणारा वाटला नाही. शिवाय कथानकाचा कणा असा आहे, की राज्यकर्त्यांनी इतिहासाच्या नोंदींतून एक सबंध शत्रूच पुसून टाकला आहे आणि दप्तरे वाचायची सवय असलेल्या मुलीला त्याचा वास येतो. याला पळवाट म्हणायचे तर ती बरीच अडचणीच्या जागी नेणारी पळवाट आहे.

आर. एफ. कुआंग यांची ‘बॅबेल’ तर भाषेवर जगणाऱ्या माणसाने वाचावीच अशी आहे. तिच्यातल्या ऑक्सफर्डमध्ये चांदीच्या विटेच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचे भाषांतर कोरतात, आणि भाषांतरात जे निसटते त्याची जादू होते. ‘जिव्हाळा’ एका बाजूला कोरला आणि दुसऱ्या बाजूला त्याचा कुठलाही इंग्रजी प्रतिशब्द, तर काय घडेल, यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. कादंबरी सदोष आहे. लेखिका वाचकावर विश्वास टाकत नाही, साम्राज्य वाईट असते हे ती तळटीपांतून पुन्हा पुन्हा बजावते, आणि कलकत्त्याहून आलेला रामी तिने आणखी मोकळा सोडायला हवा होता. पण इंग्रजांनी चांदी कुठून आणली आणि अफू कुणाला विकली हे त्या जादूच्या आड लपलेले नसून त्या जादूतूनच उलगडते.

मुली बिघडतात, या मुद्द्याला मी हसण्यावारी नेणार नाही. मजकुरात उदाहरण दिले आहे कॉलीन हूव्हर यांच्या ‘इट एंड्स विथ अस’चे, आणि ते उदाहरण नेमके उलटे आहे. या 2016 सालच्या कादंबरीत नवरा मारतो, मग रडतो, मग माफी मागतो, आणि मुलगी जन्मल्यावर नायिका त्याला सोडते. लेखिकेने आपल्या आईच्या आयुष्यावरून ती लिहिली आहे. पुस्तक मला फारसे आवडले नाही, त्यातली डायरीची पाने ताणलेली आहेत; पण ‘पुन्हा होणार नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरे का वाटते, हे ज्या बारकाईने त्यात येते ते आपल्या घरांतून कुणी मुलींना सांगत नाही. दोष आहे तो पुस्तक विकणाऱ्यांचा. मारहाणीची कथा फुलाफुलांच्या वेष्टनात गोड प्रेमकथा म्हणून विकली गेली, आणि 2023 साली तर त्या कादंबरीवर रंग भरायची वही काढण्याची घोषणाही झाली, ती टीकेनंतर मागे घ्यावी लागली. अंधाऱ्या प्रेमकथा म्हणून जो प्रकार हल्ली बोकाळला आहे, ज्यात अपहरण करणारा हाच नायक असतो, त्यातली पुस्तके मी स्वतः पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती देणार नाही. मजकुराने तेवढेच म्हटले असते तर मी त्यावर सही केली असती.

मात्र ‘पूर्वी मराठीत असले काही नव्हते’ हे त्याला जोडलेले वाक्य खरे नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने 1969 साली ती कथा अश्लील ठरत नाही असा निकाल देऊन लेखकाची शिक्षा रद्द केली. त्याच्याही मागे जायचे, तर हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदेकाठच्या बायका सासूचा डोळा चुकवून जे बेत आखतात, ते मोठ्याने वाचायला आजही घरात धीर लागतो.

मराठी वाचन बुडाल्याबद्दल फार लिहीत नाही. ज्या शहरात 1840 साली सार्वजनिक वाचनालय सुरू झाले, तिथे वाचक कमी का झाले याचे खापर ड्रॅगनवर फोडणे सोयीचे आहे, इतकेच. माझी भाची आधी मराठी वाचत होती आणि मग या पुस्तकांनी तिला पळवले असे झाले नाही. ती काहीच वाचत नव्हती. तिसरा ठोकळा संपल्यावर तिने ‘मावशी, मराठीत असे काही आहे का गं?’ म्हणून विचारले. मी हौसेने जी. ए. दिले, ते तिने पंधरा पानांवर ‘फार जड आहे’ म्हणून परत केले. धारप नेले ते मात्र अजून परत आलेले नाहीत. तिला आजच्या लेखणीतून उतरलेली नवी, जाडजूड मराठी फँटसी हवी होती, आणि तशी पुस्तके सांगताना माझी बोटे फार लवकर संपली. हा प्रश्न प्रकाशकांना आणि लेखकांना विचारायचा आहे, तिला नव्हे.

राहिले ते आव्हान. सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ ही 2020 सालची कादंबरी, जिला पुढल्या वर्षी ब्रिटनमधले विमेन्स प्राइझ मिळाले, ती वाचून मला तीन वर्षे झाली. तिच्यात एक अमर्याद वाडा आहे, दालनामागून दालने आणि प्रत्येक दालनात पुतळे. खालच्या मजल्यांत समुद्र भरतो, वरच्या मजल्यांत ढग. तिथे राहणारा माणूस भरतीची कोष्टके मांडतो, सापडलेल्या सांगाड्यांना खाऊ आणि फुले वाहतो, आणि वर्षांना आकडे देत नाही. एका वर्षाचे नाव त्याने नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस आला ते वर्ष असे ठेवले आहे. त्या पक्ष्यांच्या जोडीला घरट्यासाठी काही मिळत नाही, तेव्हा हा स्वतःच्या हिवाळ्याच्या शेकोटीसाठी वाळवून ठेवलेले समुद्री शेवाळ त्यांना नेऊन देतो, आणि आपल्याला आता किती दिवस थंडीत काढावे लागतील हे मोजतो. पक्ष्याचे एक नवे पिल्लू जगात येणार असेल, तर तेवढे दिवस काही फार नाहीत असे तो ठरवतो.

ते वाचले त्या पावसाळ्यात गोदावरीला पूर होता आणि मी इतर शंभर जणांसारखी पुलावर उभी राहून दुतोंड्या मारुतीकडे बघत होते. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे, छातीला लागले, असे लोक एकमेकांना सांगत होते. पुतळ्याच्या अंगावरून पाण्याचा हिशोब ठेवणारा तो वाड्यातला माणूस मला त्या गर्दीत अगदी शेजारी उभा असल्यासारखा वाटला होता.