चावी गाडीत नाही

आमच्या नव्या गाडीला बोलायची फार हौस आहे, आणि तिची सगळी भाषा एका शब्दाची आहे. टिंग. पट्टा लावला नाही, टिंग. दार नीट लागलं नाही, टिंग. पेट्रोल संपत आलं, टिंग. मागून कुत्रं गेलं, टिंगटिंगटिंग. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोच्या एका 'बरं'चे सात अर्थ शिकताना माझी अशीच दमछाक झाली होती. पण तिथे निदान चेहऱ्याकडे बघून अंदाज यायचा.

आमची पहिली गाडी मारुती आठशे. तिच्यात वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा आणि इंजिन तापलंय का ते सांगणारा काटा, एवढाच संसार. चावी घालून फिरवली की सुरू, उलटी फिरवली की बंद. चावीला पितळेचा गणपती अडकवलेला होता आणि गाडी चालताना तो समोर डुलत असायचा. त्यामुळे धावत्या गाडीत बसून 'चावी कुठंय?' असा प्रश्न वीस वर्षांत एकदाही कुणाला पडला नाही.

नवी गाडी आणायला गेलो तेव्हा शोरूममधल्या एका चुणचुणीत मुलाने 20 मिनिटांत साधारण 40 गोष्टी समजावून सांगितल्या. मी सत्यनारायणाची पोथी ऐकताना हलवतो तशी मान हलवत राहिलो. मध्येच त्याने 'हे तर तुम्हाला माहीतच असेल काका' असं म्हणून काहीतरी गाळलं. पुढे जे जे रामायण घडलं ते सगळं त्या गाळलेल्या भागातलं होतं, अशी माझी खात्री आहे. सोबत मिळालेलं जाडजूड माहितीपुस्तक डॅशबोर्डाच्या कप्प्यात गेलं. त्याच्यावरचं प्लास्टिक कित्येक महिने निघालं नाही.

पूजा सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, सगळं यथासांग. गुरुजी नारळ घेऊन बॉनेटसमोर उभे राहिले आणि गाडीने आकांत मांडला. तिला पुढे-मागे सेन्सर आणि चारी बाजूंना कॅमेरे आहेत. चारही चित्रं जोडून ती पडद्यावर गाडी वरून कशी दिसेल ते दाखवते. पण या जोडाजोडीत जवळ उभा असलेला माणूस जमिनीवर लांबलचक आडवा झाल्यासारखा दिसतो. हे मला माहीत नव्हतं आणि शेजारी बसलेल्या आईला तर नव्हतंच. तिने पडद्यावर गुरुजींना बॉनेटपुढे आडवं पडलेलं पाहिलं आणि किंचाळली, "अरे, गुरुजींना उडवलंस की रे!" गुरुजी दचकले, नारळ हातातून सुटला आणि योग्य ठिकाणी आपटून आपोआप फुटला. शुभशकुन, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

गाडीच्या बडबडीतली निम्मी बडबड कायद्याने आलेली आहे हे मला नंतर कळलं. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण, मागे पार्किंगचा सेन्सर आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. ताशी 80च्या पुढे गेलं की ती अधूनमधून टोकते, 120 ओलांडलं की थांबतच नाही. आता पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कारला 100ची मुभा आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या माणसालाही लोणावळ्यापर्यंत टोमणे खात जावं लागतं. मला घरची सवय आहे, मी जातो.

पट्ट्याची आठवण मात्र भाद्रपदात भलतीच रंगली. शाडूची मूर्ती आणायला गेलो होतो. दरवर्षी आई मांडीवर घेऊन बसते, यंदा तिचे गुडघे दुखत होते, म्हणून बाप्पांना पाटासकट पुढच्या सीटवर बसवलं. सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो. त्याने बाप्पांचं वजन ओळखलं, भाव ओळखला नाही. सिग्नलपर्यंत टिंग टिंग चालूच. शेवटी मुलगी मागून वाकली आणि तिने बाप्पांना रीतसर पट्टा लावला. सोंडेवरून जाऊ नये म्हणून जरा खालून घेतला. सिग्नलवरच्या हवालदारांनी काचेतून बघितलं आणि नमस्कार केला. बाप्पांना केला की पट्ट्याला, ते कळलं नाही.

सिग्नलवर आणखी एक गंमत होते. गाडी थांबली की पेट्रोल वाचवायला इंजिन आपलं आपण बंद होतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की परत सुरू होतं. आई दर सिग्नलला विचारते, "पडली का बंद?" मी सांगतो, "नाही गं, ती तशीच आहे." पुढच्या सिग्नलला पुन्हा, "पडली का बंद?" नळस्टॉपपासून स्वारगेटपर्यंत हा संवाद किती वेळा होतो ते पुणेकरांना सांगायला नको. ही सोय बंद करायचं बटण आहे, पण गाडी नव्याने सुरू केली की ते आदल्या दिवशीचं सगळं विसरतं. त्यामुळे रोज सकाळी देवाला नमस्कार आणि मग ते बटण, असा क्रम लागला आहे.

डिसेंबरात एका पहाटे टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला. धावत पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चारही चाकं तपासली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पंक्चर नाही काका. गाडीला थंडी वाजतेय." चेष्टा नव्हती ती. पारा दहा अंशांनी उतरला की टायरमधला दाब दोनेक पौंडांनी उतरतो, आणि हवा आधीच काठावर असली की दिवा लागतो. दुपारी उन्हात तो आपला आपण विझलाही असता. सकाळी गार टायरमध्ये हवा भरून घ्या, एवढं सांगून त्याने पैसे घेतले नाहीत. त्या 20 मिनिटांच्या प्रवचनापेक्षा हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

गाडीला लेनचीही शिस्त आहे. इंडिकेटर न देता रस्त्यावरचा लेनचा पट्टा ओलांडला की ती स्टिअरिंग हळूच परत लेनकडे ओढते. कल्पना उत्तम आहे. पण खड्डा चुकवायला मी डावीकडे वळवतो तेव्हा ती मला मायेने पुन्हा खड्ड्यात घालते. आता मी खड्ड्यालाही इंडिकेटर देतो. वर सारखं स्टिअरिंग हलत राहिलं की तिला वाटतं माणूस पेंगतोय, मग पडद्यावर कॉफीचा कप येतो आणि विश्रांती घ्यायला सांगतो. मी टक्क जागा असतो, पण हिला आणि आईला तो कप दिसला की पुढच्या हॉटेलला थांबावंच लागतं. "गाडीला कळतं, तुला कळत नाही," असं म्हणत आई कांदाभजी मागवते.

आता चावी. नव्या गाडीला म्हणे चावी लागत नाही. म्हणजे लागते, पण ती कुठे घालायची नाही, फक्त जवळ बाळगायची. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि गाडी आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला लागूनच उभी असते. मी चावी त्याच भिंतीवरच्या खिळ्याला लावायचो. भिंतीच्या आत चावी, बाहेर गाडी. काही आठवड्यांनी एका सकाळी गाडी मेल्यासारखी गार. दारही उघडेना. मेकॅनिक आला, त्याने चावीच्या कुशीतलं एक बारीकशी कळ दाबली आणि आतून चक्क खरी, धातूची, दातेरी चावी निघाली! दाराच्या मुठीवरची टोपी काढली तर खाली चावीचं भोक. त्या क्षणी मला माळ्यावर आजीची पेटी सापडल्याचा आनंद झाला. मग त्याने दुसऱ्या बॅटरीवरून केबल जोडून गाडी सुरू केली आणि निदान सांगितलं, "काका, चावी इतकी जवळ ठेवलीत, या दोघी रात्रभर एकमेकींना झोपू देत नाहीत. लांब ठेवा, नाहीतर पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा."

डबा म्हटलं की स्वयंपाकघर आलं. चावी साखरेच्या डब्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात गेली आणि त्या दिवसापासून तिचा ताबा हिच्याकडे गेला. पुढचं सगळं याच डब्यातून निघालं.

साताऱ्याला हिच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. पहाटे निघताना हिने डब्यातून चावी काढली, डिकी उघडून आहेराच्या पिशव्या ठेवल्या आणि चावी सवयीने पर्समध्ये टाकली. मी बटण दाबलं, गाडी सुरू झाली. चावी पर्समध्ये का असेना, गाडीत होती ना. खंबाटकी घाट, एक कॉफीचा कप, कांदाभजी, सगळं होऊन साडेअकराला कार्यालयापाशी पोहोचलो. आई, ही आणि मुलगी दारात उतरल्या. गाडी तीनदा टिंग म्हणाली. पडद्यावरही काहीतरी उमटलं. गेल्या काही महिन्यांत तिने मला दहा हजार वेळा टिंग म्हटलं असेल. मी म्हटलं, "हो गं बाई," आणि पार्किंग शोधायला पुढे निघालो.

चालू गाडीतून चावी निघून गेली तर गाडी बंद पडत नाही. भर रस्त्यात इंजिन थांबलं तर अनर्थ होईल, म्हणून ती नुसती सांगते आणि चालत राहते. फार समंजस आहे. मात्र एकदा बंद केली की चावीशिवाय सुरू होत नाही.

वाटेत पेट्रोलपंप दिसला. परतीचं आताच भरून घ्यावं, म्हणून आत घेतली. पंपावर पाटी होती, 'इंजिन बंद करा'. मी सुजाण नागरिक. बंद केलं.

टाकी भरली. पैसे दिले. बटण दाबलं. टिंग. पडद्यावर अक्षरं आली, चावी गाडीत नाही.

मागे पाच गाड्या. पंपावरचा मुलगा म्हणाला, "काका, न्यूट्रल करा, बाजूला ढकलतो." गाडी ऑटोमॅटिक, गिअर पार्किंगमध्ये अडकलेला, हँडब्रेकही विजेवरचा. "न्यूट्रल होत नाही," मी म्हटलं. "मग ढकलायची कशी?" "ढकलायची नाही." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तसं फक्त माझ्या सासऱ्यांनी एकदा बघितलं होतं. हवा भरणारा आला आणि म्हणाला, "चावीचा सेल गेला असेल. चावीच बटणाला टेकवून दाबा, चालू होते." उपाय अगदी बरोबर होता, तसं खरंच होतं. फक्त टेकवायला चावी हवी होती.

मग आठवलं, मोबाईलवरूनही गाडी सुरू करता येते. ॲप उघडलं. त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड विसरलो म्हटलं तर ओटीपी पाठवला. नोंदणी करताना हिचा नंबर दिला होता, म्हणून ओटीपी हिच्या फोनवर गेला. फोन पर्समध्ये. चावीच्या शेजारी.

हिला आठ फोन केले. समोर बँड, कोण उचलतंय! मुलगी एरवीही माझा फोन उचलत नाही. शेवटी लग्नपत्रिका काढली, तिच्यावर कार्यालयाचा नंबर होता. व्यवस्थापकाला सगळं समजावून सांगितलं. त्याने तत्परतेने माईकवरून जाहीर केलं, "पुण्याचे पाहुणे पेट्रोलपंपावर अडकले आहेत, घरच्यांनी संपर्क साधावा." चावीचा उल्लेख राहिला.

वीस मिनिटांनी हिचा भाचा फेट्यासकट स्कूटरवरून आला. मी हात पुढे केला. त्याने त्यावर पाचशेच्या चार नोटा ठेवल्या. "बाबांनी दिलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणाला सांगू नका म्हणाले."

अख्ख्या मांडवात तोवर पसरलं होतं, की पुण्याचे जावई पेट्रोल भरून बसलेत आणि खिशात पैसे नाहीत. भाचा परत गेला. मुहूर्त लागला तेव्हा मी पंपावर होतो. मंगलाष्टकं लांबून ऐकू येत होती, 'सावधान' तर फारच स्पष्ट. मागच्या रांगेतल्या एका रिक्षावाल्याने तेवढ्यात दोन वेळा हॉर्न दिला. तो मी अक्षता समजून घेतला.

चावी आली, गाडी सुरू झाली, शेवटची पंगत मिळाली. मेव्हणे वाढायला आले आणि दर जिलबीमागे "घ्या हो, संकोच नको," म्हणत राहिले. दोन हजार परत करायला गेलो तर "राहू द्या, महिनाअखेर आहे," म्हणाले.

संध्याकाळी निघालो. ही दमली होती, मागे आई आणि मुलीसोबत बसली. मी बटण दाबलं, गाडी सुरू झाली, मांडवाबाहेर काढली आणि टिंग. ब्रेक मारला. "चावी!" मी ओरडलो. हिने पर्स उपसली, मुलीने खिसे चाचपले, आईने पिशवीतला पानाचा डबासुद्धा उघडून बघितला. चावी पर्सच्या तळाशी होती, हिने ती वर धरून सगळ्यांना दाखवली. गाडी टिंग टिंग करतच होती.

पुढच्या सीटवर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा सात किलोंचा खोका होता. मुलगी वाकली आणि तिने त्याला पट्टा लावला.