विंडोज म्हणे एकच कोर वापरतं!

'कंपन्या लपवतात ती सेटिंग, व्हिडिओ एन्कोडिंग 8 पट फास्ट' असा फॉरवर्ड गेले कित्येक दिवस फिरतोय. (एन्कोडिंग म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइलमध्ये बसवणं.) मी दुर्लक्ष करत होतो. पण लग्नाची शूटिंग करणाऱ्या माझ्या आतेभावाने तो ऐन लग्नसराईत स्वतःच्या मशीनवर अमलात आणला, आणि आधी रात्रीत निघणारी फाइल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघेना. म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डचा मुख्य दावा असा: विंडोज मुळात एकच कोर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) वापरतं, म्हणून एमएसकॉन्फिग (विंडोजच्या सुरू होण्याच्या सेटिंगची खिडकी) उघडा, बूट टॅबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर टिक करा आणि आकडा निवडा. हे धादांत खोटं आहे. टिक नसताना विंडोज सगळेच्या सगळे कोर वापरतं. ही सेटिंग आहे ती कोर कमी करण्यासाठी, म्हणजे कमी कोरच्या मशीनवर आपला प्रोग्राम कसा चालेल हे तपासणाऱ्यांसाठी. या टिकमागे 'नमप्रॉक' नावाचा बूट पर्याय बसतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीपानावर त्याचा अर्थ स्वच्छ दिलाय: फक्त सांगितलेल्या संख्येइतकेच प्रोसेसर वापरा. 'फक्त' हा शब्द फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळला.

आता गंमत बघा. भावाचा प्रोसेसर 8 कोर, 16 थ्रेडचा, म्हणजे प्रत्येक कोर एकाच वेळी दोन कामं हाताळतो आणि विंडोज ते 16 'लॉजिकल प्रोसेसर' धरतं. खोक्यावर 8 कोर लिहिलंय म्हणून पठ्ठ्याने यादीतून 8 निवडले. पण ती यादी थ्रेड मोजते, कोर नाही. म्हणजे 16 पैकी 8 त्याने स्वतःच्या हाताने बंद केले. टास्क मॅनेजरमध्ये 'लॉजिकल प्रोसेसर्स'समोर 8 दिसत होते, तरी वर 100 टक्के वापर बघून गडी खूश! तुम्हीही हे केलं असेल तर टिक काढा आणि रीस्टार्ट करा. शेजारच्या 'मॅक्सिमम मेमरी'लाही हात लावू नका, तीही मर्यादाच घालते.

फॉरवर्डमधला दुसरा सल्ला, एन्कोडरची (एन्कोडिंग करणाऱ्या प्रोग्रामची) प्रायॉरिटी, म्हणजे प्रोसेसरचा वेळ आधी कुणाला द्यायचा ती पातळी, 'रिअलटाइम' करा. मशीनवर दुसरं काही चालू नसेल तर एन्कोडरला सगळा प्रोसेसर तसाही मिळतोच. उलट 'रिअलटाइम'मुळे माउस अडकू शकतो, डिस्कवर लिहायचा डेटा तुंबू शकतो. हेही मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. त्यापेक्षा 'बिलो नॉर्मल' ठेवलं तर एन्कोड चालू असताना बाकीची कामं नीट होतात.

तिसरा सल्ला, एन्कोडरच्या थ्रेडच्या रकान्यात 64 टाका म्हणे. (हे थ्रेड म्हणजे प्रोग्रामने केलेले कामाचे समांतर तुकडे.) एक्स264 हा एन्कोडर स्वतःहून लॉजिकल कोरच्या दीडपट थ्रेड उघडतो, म्हणजे 16 ला 24. त्यापुढे वेग फारसा वाढत नाही, मेमरी मात्र खातो. रकाना 'ऑटो'वर सोडा.

'प्रोसेसरचा वापर 100 टक्के नाही म्हणजे सेटिंग चुकली' या फॉरवर्डमधल्या दाव्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कधीकधी डीनॉइजसारखा (चित्रातले दाणे काढणारा) फिल्टर किंवा मंद हार्ड डिस्क अडवून धरते, ते शोधायलाच हवं. पण एक्स265 हा दुसरा एन्कोडर चित्राचे 64 बाय 64 पिक्सेलचे चौकोन करून ओळीओळीने काम करतो आणि खालची ओळ वरच्या ओळीच्या दोन चौकोन मागेच राहते. 1080पीमध्ये अशा ओळी सतराच. तो एकाच वेळी पुढच्या फ्रेमही घेतो म्हणून बरं, तरी कोर वाढले की काही रिकामे बसणारच. 4केमध्ये 34 ओळी होतात, तिथे तेच कोर जास्त कामाला लागतात.

ग्राफिक्स कार्डाने एन्कोडिंग खरंच झपाट्याने होतं, वाद नाही. पण तेवढ्याच बिटरेटला (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाला) एक्स265च्या 'स्लो' या तयार सेटिंगइतकी सफाई सहसा मिळत नाही. प्रिव्ह्यू पाठवायला वापरा, फायनलला विचार करून.

आणि कोर रिकामेच दिसत असतील तर दोन फाइल एकदम लावा. हँडब्रेक या एन्कोडिंगच्या प्रोग्राममध्ये एका वेळी किती एन्कोड चालवायचे तो आकडा देता येतो. फक्त 8 जीबी रॅमवर दोन 4के एन्कोड लावू नका.