उन्हाळ्याचा रस्ता

मी ग्रॅव्हल बाईक घेतली तेव्हा सगळ्यात जास्त हसले ते माझे सासरे. ते तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होते. मी आपला उत्साहाने सांगतोय की बाबा, ही साधी सायकल नाही, हिचं हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं असतं पण टायर मात्र चांगले जाड, ४० एमएमचे, म्हणजे डांबरावर पण पळते आणि खडीवर पण. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठल्या खडीवर?"

आता खडीत प्रकार असतात हे मला कुठे माहीत. मग पाऊण तास शिकवणी झाली. तळाच्या सोलिंगला डबर म्हणजे मोठाले दगड, त्यावर चाळीस एमएमची खडी, फटीत मुरूम, पाणी मारून रोलरने दबाई, मग डांबरात घोळलेली बारीक, आणि वरून कच. शेवटी म्हणाले, "म्हणजे बघा जावईबापू, मी आयुष्यभर लोकांना खडीवरून डांबरावर आणलं आणि तुम्ही पैसे मोजून परत खडीवर निघालात."

पैसे किती मोजले ते मी त्यांना सांगितलेलं नाही. बायकोलाही निम्मेच सांगितलेत.

पण हे वेड जगभर आहे हो. अमेरिकेत कॅन्सासमध्ये एम्पोरिया म्हणून गाव आहे, तिथे २००६ पासून एक शर्यत होते, चकमकीच्या धारदार दगडांच्या कच्च्या रस्त्यांवरून २०० मैल, म्हणजे जवळजवळ ३२० किलोमीटर, आणि लोक त्यासाठी फी भरतात. आपल्याकडे एकदा 'पुढे काम चालू आहे' ची पाटी लागली की ही सगळी सोय दारात, फुकट, आणि एका गणपतीला लागलेली पाटी पुढच्या गणपतीपर्यंत हलत नाही.

तर झालं असं की आमच्या सायकल ग्रुपवर एका मित्राने पवना धरणाच्या काठाने जाणाऱ्या रूटची जीपीएक्स फाईल टाकली, म्हणजे मोबाईलमध्ये उघडली की वाट दाखवणारी रेघ. खाली लिहिलं होतं, 'एकदम शांत, ट्रॅफिक शून्य, सपाट, तळ्याला अगदी खेटून.' हे 'अगदी खेटून' मी तेव्हा नीट वाचायला हवं होतं. नोव्हेंबरचा रविवार, थंडी पडायला लागलेली, पहाटे पाचला चिंचवडहून निघालो. निघताना बायको झोपेतच म्हणाली, "आज पाण्याचा दिवस आहे, नऊच्या आत ये, टाकी भरायचीये." आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. मी "हो हो" म्हटलं, सायकलवाल्यांचं "हो हो" म्हणजे काय ते लग्नाला अकरा वर्षं झालेल्या बाईला कळतंच.

कामशेतपर्यंतचे तीसेक किलोमीटर जुन्या हायवेने, त्यात सांगण्यासारखं काही नाही, ट्रक मागून हॉर्न देतो, आपण देवाचं नाव घेतो. कामशेतला वडापाव खायला थांबलो तर नेहमीची प्रश्नपत्रिका. केवढ्याला पडली. गिअर किती. याला स्टँड का नाही. स्टँडचा प्रश्न मला आजवर एकाही माणसाने विचारायचा ठेवलेला नाही आणि खरं सांगू, उत्तर माझ्याकडेही नाही. एवढे पैसे घेऊन कंपनी स्टँड देत नाही आणि घंटी देत नाही, मडगार्डचं तर नावच काढू नका. एका काकांनी टायर दाबून बघितला आणि म्हणाले, "हवा कमी आहे." मी म्हटलं, "काका, कमीच ठेवायची असते, पस्तीस-चाळीस पीएसआय, म्हणजे खडीवर टायर दबतो आणि पकड मिळते." काकांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ना, मला वाटलं आता वडापावचे पैसे तेच देतात.

पण बेडसे लेण्यांचा फाटा मागे टाकून पवनानगरला पोचलो, ज्याला तिकडचे सगळे काळे कॉलनीच म्हणतात, आणि तिकोना पेठेच्या बाजूला वळलो तेव्हा मात्र सगळं माफ. एका बाजूला तिकोना, पलीकडे पाण्यातून उठल्यासारखा तुंगचा सुळका, मागे लोहगड, आणि मधे सगळं काठोकाठ भरलेलं पाणी, त्यावरून धुकं अजून पुरतं उठलेलं नाही. इंद्रायणी भाताची कापणी झालेली, खळ्यावर पेंढ्यांची झोडणी चाललेली, त्याचा वास. टायरखाली मुरूम कुरकुर वाजतोय, भाजलेले शेंगदाणे चघळल्यासारखा, बाकी आवाज नाही. तंबूवाल्यांचे रात्रीचे स्पीकर तेवढ्यात झोपलेले असतात, ही पवनेची खरी वेळ. अशा वेळी माणसाला वाटतं आपण काहीतरी बरं केलंय आयुष्यात.

जवण गेलं, शिळिंबच्या अलीकडे मोबाईलमधल्या बाईने सांगितलं, उजवीकडे वळा. वळलो. डांबर संपलं, मुरूम संपला, पायवाट लागली, दोन्हीकडे घाणेरी, आणि वाट उतरत उतरत थेट तळ्यात गेली. म्हणजे तळ्याजवळ नाही, तळ्यात. पाण्याखाली ती दोन-तीन हात दिसत होती पण, चांगली वाहती वाट, मग हिरवट अंधार. मोबाईलवर निळी रेघ मात्र बिनधास्त सरळ पलीकडच्या काठाला चाललेली, अजून १.८ किलोमीटर सरळ.

काठावर एक पोरगा म्हशी घेऊन बसला होता, बारा-तेरा वर्षांचा असेल. तो मला, सायकलला आणि मोबाईलला आळीपाळीने बघत होता.

"काका, कुटं जायचंय?"

"पलीकडे. रस्ता हाच ना?"

"हाच हाय की. पन ह्यो उन्हाळ्याचा रस्ता हाय, तुमी हिवाळ्यात आलाव."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की इथून चालत पार खालपर्यंत जाता येतं, वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ पावसाळा ते हिवाळा पाण्यात असतं ते पण वर येतं, माणसं दर्शनाला येतात, ट्रॅक्टर जातात. मी तिथेच ग्रुपवर फोटो टाकला. एका कोपऱ्यात दीड काडी रेंज होती. मित्राचं उत्तर आलं, 'अरे मी मे मध्ये गेलो होतो! मस्त सपाट आहे ना?' सपाट असणारच, धरणाचा तळ आहे तो.

आता शहाणा माणूस काय करेल, मागे फिरेल. पण निम्मे पैसे लपवून घेतलेल्या सायकलवाल्याला तेवढं शहाणपण असतं तर. मी म्हटलं काठाकाठाने जाऊ, पुढे कुठेतरी वाट वर निघेल. पन्नास पावलं गेलो असेन, चाक फिरायचं थांबलं. बघतो तर काठावरचा गाळ टायर आणि फ्रेमच्या मधल्या बोटभर फटीत गच्च भरलेला, त्यात भाताचा पेंढा मिसळून, थापायला घेतलेल्या गोवरीसारखा. काटकीने खरवडला, चार पावलं, परत तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. सायकल घेताना दुकानदार म्हणाला होता साडेदहा किलो, गाळासकट ती माझ्या अंदाजाने आमच्या घरच्या सिलिंडरएवढी भरली असती. आणि पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. म्हशी मात्र बाजूने ऐटीत गेल्या, त्यांना कुठलीही फाईल डाउनलोड करायची नव्हती.

नेमका तेव्हा फोन वाजला. बायको.

"पाणी आलंय, खूप बारीक धार आहे. तू कुठेयस?"

आता बघा, पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग ते आमच्या टाकीत पडतं. म्हणजे ती ज्या पाण्याची वाट बघत होती त्यात मी बूट घालून उभा होतो. मी म्हटलं, "पाण्यापाशीच आहे." ती म्हणाली, "टाकीपाशी असायला हवं होतंस," आणि फोन ठेवला.

कसाबसा वर रस्त्याला लागलो तर तिथे प्री-वेडिंग शूट चाललेलं. नवरीमुलगी लांबलचक गाऊनमध्ये, नवरामुलगा थंडीने कुडकुडत, आणि फोटोग्राफर मला बघून ओरडला, "दादा, फ्रेममध्ये येताय!" बाजूला झालो. मग तोच पळत आला, "सर, सायकल देता का दोन मिनिटं? रस्टिक लूक येतोय." दिली. त्याने त्यावर नवऱ्यामुलाला बसवलं, तो पडला, कारण स्टँड नाही. नवरीमुलीने विचारलं, "याला स्टँड का नसतो?"

पोचायला दीड वाजला. परतीच्या वाटेत सासऱ्यांचे सगळे प्रकार भेटले, चाळीसची पण आणि डबर पण, एका ठिकाणी तर नुसती खडी ओतून ठेकेदार गेलेला, त्यावरून मी उतरून चाललो. दारात बाबाच बसलेले, रविवारचे जेवायला आलेले. त्यांनी सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली, टायरवरचा वाळलेला गाळ नखाने खरडला, बोटांत चुरला आणि म्हणाले, "ही खडी नाही. रस्त्याला हा चालतच नाही."

मी बाथरूमकडे निघालो तर आतून आवाज आला, "नळ गेला साडेदहाला. आता परवा. बादलीतलं भांड्यांना आहे, हात लावू नकोस."

"अगं मग पाय?"

"तळ्यावर होतास ना सकाळपासून?"

मी बाहेर पायरीवर बसून बूट काढले. उजव्यातून कपभर तरी पाणी निघालं, गाळूळ, त्यात एक पेंढ्याची काडी. ओतणार एवढ्यात ती दारात आली.

"थांब, फरशीवर नको," म्हणाली. "तुळशीला घाल."