शिकत असतानाच व्याज का भरावे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शैक्षणिक कर्जाचे व्याज शिक्षण चालू असतानाच जमेल तितके भरत जावे, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा की, ज्या घरात दरमहा पाच हजार रुपये शिल्लक राहतात ते घर बँकेची पायरी चढणारच नाही, आणि नोकरी लागेपर्यंत हप्ता नाही ही सवलत असताना पालकांवर हा भार टाकणे अन्यायाचे आहे. आक्षेपामागची कळकळ रास्त आहे. तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे.

मात्र सर्वांत गरीब घरांसाठी हा सल्ला नाहीच. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असून मान्यतेच्या अटींत बसत असेल, तर अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचे व्याज केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून भरले जाते. ही योजना २००९ पासून आहे. उत्पन्नाचा दाखला शाखेत वेळेवर देणे आणि शाखेने अनुदानाचा दावा नोंदवला की नाही हे दरवर्षी विचारणे, एवढे काम मात्र पालकांनी स्वतः केले पाहिजे.

प्रश्न त्यापेक्षा थोडे अधिक उत्पन्न असलेल्या घरांचा आहे. समजा, चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले. पहिल्या वर्षी व्याज होते दरमहा साडेबाराशे रुपये. पाच हजारांचा आकडा चौथ्या वर्षी येतो. काहीच भरले नाही, तर सरळव्याजानेही शिक्षणाची चार आणि त्यानंतरचे सवलतीचे एक अशा पाच वर्षांत दोन लाख दहा हजार साचतात, ते मुदलात मिळवले जातात आणि परतफेड आठ लाख दहा हजारांवर सुरू होते. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे ७,९३० ऐवजी १०,७०० रुपये होतो. पहिल्या नोकरीच्या पगारातून, शहरातले खोलीभाडे देऊन, वरचे पावणेतीन हजार काढणे किती जड जाते हे त्या मुलांनाच विचारावे. सगळे व्याज जमत नसेल तर निम्मे भरावे. न भरल्यास या पाच वर्षांत खाते थकीत होत नाही, तेव्हा धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कर्जाची रक्कमच कमी ठेवणे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात सवलत मिळते, आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जाचे नूतनीकरण दुसऱ्या वर्षी राहून जाते, किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसते, आणि हक्काच्या पैशांच्या जागी कर्जाचा पुढचा हप्ता उचलला जातो. याचे मला खरोखर वाईट वाटते.

नोकरी लांबली तर काय, असेही आपण विचारले आहे. पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेला लेखी अर्ज द्यावा व मुदतवाढ मागावी. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली अडलेले (एनपीए), ठरते, आणि वडील सहकर्जदार असल्यामुळे त्यांचाही सिबिल गुणांक, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरतो. मग पुढच्या खरिपात पीककर्ज मागायला गेल्यावर हीच थकबाकी त्यांच्यासमोर ठेवली जाते.