खुलासा: ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘गरज नाही’ नव्हे

म्हापशातल्या पालकांच्या व्हॉट्सॲपवर इंग्रजीचा एक तक्ता फिरतोय: ‘मस्ट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’, म्हणून ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे असं नाही’. साफ चूक. ‘मस्ट नॉट’ ही सक्त मनाई.

पाहुण्याला ‘यू मस्ट नॉट कम ऑन फ्रायडे’ लिहिलंत, तर तो रुसेलच. तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं की शुक्रवारी बाजाराची गर्दी, नाही आलात तरी चालेल. त्यासाठी ‘डोन्ट हॅव टु’ किंवा ‘नीडन्ट’.

गोंधळ मराठीतूनच येतो. ‘यायला नको’ ही मनाई की सवलत, हे आपण सुरावरून ओळखतो. इंग्रजीत शब्दच वेगळे. ‘मस्ट’नंतर ‘टु’ लावू नये, ही तक्त्यातली सूचना मात्र बरोबर आहे, ती खोडू नका.